दाराची मागची बाजू

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभरात काळा चष्मा सुटला आणि एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "बाय, दिसायला लागलंय तर आता कुठेतरी घेऊन चल मला." मला वाटलं मंगेशी म्हणतील, नाहीतर शांतादुर्गा. ते म्हणाले, "बाणावलीला एका माणसाने जुने दरवाजे जपून ठेवलेत म्हणे. ते बघूया."

माझ्या पोटात खड्डा पडला. का, ते पुढे सांगते.

आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईच्या पुढच्या एका गावातले. बाबा मेस्त. सुतार हा शब्द आमच्याकडे कागदोपत्री, हाक मारताना माणसं मेस्तच म्हणतात. आजोबा मेस्त, बाबा मेस्त, आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत मराठी शिकवते. त्यांची हत्यारं माझ्यापर्यंत आली ती खंडेनवमीपुरती. करवत, रंधा, पटाश्या, वाकस, गुण्या, सामता पाटावर मांडायचं, त्यांना हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. प्रत्येकाचं नाव मला येतं, कोणतं कुठल्या कोपऱ्यात टांगलेलं असतं तेही माहीत आहे. चालवायला मात्र एकही येत नाही.

वाळपईहून उसगाव, फोंडा, बोरीचा पूल, मडगाव आणि मग बाणावली. सगळा रस्ताभर बाबा खिडकीबाहेर बघत होते. दोन वर्षांनी जग धड दिसत होतं त्यांना. फोंड्याच्या अलीकडे एका जुन्या घराचं छप्पर उतरवलेलं दिसलं, वासे अंगणात रचलेले होते. बाबांनी मान वळवून वळवून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

बाणावलीचं 'गोवा चित्र' हे संग्रहालय उभं केलं व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी. ते चित्रकार, आणि जुन्या वस्तूंची डागडुजी करून त्या जतन करणारे. गोव्यात जुनी घरं पडू लागली, शेती सुटू लागली, तेव्हा लोक जे फेकत होते, जाळत होते, भंगारात घालत होते, ते हा माणूस गावोगाव हिंडून गोळा करत राहिला. नांगर, मापं, होड्यांचं सामान, भांडी, गाड्या, हजारो वस्तू. आणि त्या ठेवायला जी वास्तू बांधली, तीही पाडलेल्या घरांतून मिळवलेली दारं, खिडक्या, खांब वापरून. लाकडाच्या धंद्याचं म्हणून वेगळं संग्रहालय गोव्यात मला माहीत नाही. पण एखाद्या मेस्ताला घेऊन इथे आलात तर तेच होतं. मला ते त्या दिवशी कळलं.

बाबा वस्तू बघतच नव्हते, लाकूड बघत होते. माहिती सांगणारी मुलगी मनापासून सांगत होती, हे काय आहे, कशासाठी वापरायचे. बाबा ऐकून मान डोलवायचे आणि परवानगी विचारून हात लावायचे. मग माझ्याकडे वळून हळूच एकच शब्द. शिसव. किंदळ. फणस. एका ठिकाणी बोट नुसतं टेकवलं आणि म्हणाले, "नाणा असावा. नाही, थांब." वाकून वास घेतला. इतक्या वर्षांच्या लाकडाला वास कुठला येणार, असं मला वाटलं. "नाणाच."

चाकांपाशी मात्र ते किती वेळ थांबले कोण जाणे. गाड्यांचा वेगळा संग्रह आहे तिथे, 'गोवा चक्र' नावाचा. एका बैलगाडीच्या चाकापुढे बाबा उकिडवे बसले. शहात्तर वर्षांचं वय, गुडघे कुरकुरतात, तरी बसले आणि मलाही बसवलं.

"मोज आरे." मी मोजले, बारा होते. "आता कडेचे तुकडे मोज." पुठ्ठे सहा निघाले. "म्हणजे एका पुठ्ठ्यात दोन आरे. आता सांग, हे पुठ्ठे वाकवलेत का कापलेत?" मी म्हटलं, वाकवले असतील. "कापलेत. एकेक पुठ्ठा जाड फळीतून गोलाई धरून कापायचा. सहाही पुठ्ठे एकसारखे आले नाहीत तर चाक रस्त्यावर लंगडणार." मग मधल्या तुंब्यावर तळहात ठेवला. "खरी परीक्षा इथे. चारी बाजूंनी बारा भोकं पाडायची, आऱ्यांच्या टोकांचे बारा कुसू ठोकून बसवायचे. सरळ रेषेचं लाकूड इथे उभं चिरतं. ज्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, जे फोडायला गेलं तर कुऱ्हाडीला हार जात नाही, तेच तुंब्याला लागतं. आऱ्याला उलट. आरा सरळ रेषेचाच पाहिजे, भार त्याने उभा पेलायचा असतो."

एका चाकात इतका विचार. मला चाक म्हणजे एक वस्तू वाटत होती.

मग त्यांनी लोखंडी धावेच्या आतल्या कडेला नख लावलं. "काळी रेघ दिसते?" दिसत होती, लाकूड आणि लोखंड मिळतात तिथे, सुतळीएवढी. "ही जळलेल्याची खूण. धाव चाकापेक्षा जराशी लहान करायची. शेणींच्या जाळावर लाल करायची. तापली की फुगते, मग चिमट्यांनी उचलून तिघा-चौघांनी चाकावर घालायची. लाकूड पेटतंच. लगेच पाणी. धाव आकसते आणि सगळे कुसू, सगळे सांधे आत ओढून घेते. एक खिळा नाही, सरस नाही. तो आवाज..." त्यांनी आवाज काढून दाखवला नाही. नुसते बघत राहिले.

मग आम्ही दारांकडे आलो. कोरीव चौकटी, झडपांच्या खिडक्या, जाड फळ्यांचे दरवाजे. समोरून बघावं असंच सगळं. पण बाबा प्रत्येक दाराच्या मागे जायचा प्रयत्न करत होते. जिथे मागे जाता येत होतं तिथे गेले, जिथे येत नव्हतं तिथे फटीतून डोळा लावला. खाली वाकायचे, खालच्या बिजागरीच्या आसपास बघायचे, सरळ व्हायचे, पुढच्या दाराकडे. पहिल्या दोन वेळा मला वाटलं सांधे बघतायत. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं, आणि मी तिथेच उभी राहिले, पुढे गेले नाही.

ते आमचं दार शोधत होते.

आजोबा आपण केलेल्या प्रत्येक दाराच्या मागच्या बाजूला, खालच्या बिजागरीखाली, पटाशीने तीन तिरप्या खाचा पाडत. समोरून कधीच दिसणार नाहीत अशा. आमच्या घराच्या दारालाही होत्या.

ते दार फणसाचं. आजोबांनी उभ्या आयुष्यात सागवानाची दारं शेकडो केली, ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या घरांची. स्वतःच्या घराला सागवान परवडायचं नाही. १९५८ साली अंगणातला थोरला फणस पाडला. पौषात, अंधाऱ्या पंधरवड्यात, कारण चांदण्याच्या पंधरवड्यात पाडलेल्या झाडाला कीड लागते असं ते मानत, बाबाही मानतात. पाडायच्या आदल्या दिवशी बुंध्याशी नारळ ठेवून, झाडावर ज्याची वस्ती असेल त्याने उठून जावं, असं गाऱ्हाणं घातलं. करवत्ये आले. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एक जण वर, एक खाली, मध्ये लांबच लांब करवत. खालच्या माणसाच्या डोळ्यांत, केसांत, तोंडात भुसा. फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळाधमक असतो, बौद्ध भिक्खूंची चीवरं त्याच रंगात रंगवत असत. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. काजळीत भिजवलेल्या दोऱ्याचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं आजोबांच्या. दोरा ताणायचा, मध्ये चिमटीत धरून सोडायचा, की ओंडक्यावर काळी सरळ रेघ उठते. ती रेघ धरून करवत चालायची. त्या आठवड्यातला सदरा पुढे कितीही धुतला तरी पिवळाच राहिला, असं बाबा सांगतात.

फळ्या सावलीत रचल्या, दोन फळ्यांमध्ये काठ्या घालून, वारा खेळता राहावा म्हणून. दोन पावसाळे तशाच ठेवल्या. १९६० साली दार लागलं. चौकटीत आणि फळीत पटाशीच्या पात्याएवढी जागा सोडलेली होती. "ती पावसाची जागा," आजोबा म्हणत. आषाढात लाकूड फुगून ती जागा भरून काढायचं आणि चैत्रात पुन्हा मोकळी करायचं. मी लहानपणी दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडावरून महिना ओळखायची. कोवळं असताना पिवळं असलेलं ते दार माझ्या आठवणीत आहे तेव्हा गूळ करपल्यासारखं गडद तांबूस झालं होतं.

२००९ साली मी ते विकलं.

घराची दुरुस्ती काढली होती, पैसे माझे होते, घाईही माझी. चौकट खालच्या बाजूला एका ठिकाणी वाळवीने धरली होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, बाई, कशाला ठेवता, फ्लश डोअर टाकू, स्वच्छ. टेम्पोवाला दारातच उभा होता. असे टेम्पो त्या वर्षांत गावोगाव फिरत होते. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यापासून गोव्यात स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि ते बरंच आहे. नाहीतर आमच्या सत्तरीचं काय झालं असतं देव जाणे. २०१६ मध्ये माडाला त्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं तेव्हा गोवा कसा पेटून उठला होता, आठवत असेल. पुढच्याच वर्षी माडाला पुन्हा संरक्षण द्यावं लागलं. पण नवं लाकूड अवघड झालं की जुन्याचा भाव वाढतो. पडकी घरं, वाटण्यांत अडकलेली घरं, परदेशी गेलेल्यांची घरं, त्यांचे वासे आणि दारं हेच मग व्यापाऱ्यांचं जंगल झालं. माझ्या दाराला घासाघीस करून साडेतीन हजार मिळाले. बाबा त्या दिवशी कामावर होते. संध्याकाळी आले, नव्या दाराला हात लावून आत गेले, जेवले. एक शब्द बोलले नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही नाही. आणि मी ज्या काळात ते टेम्पोत चढवलं, त्याच काळात बाणावलीचा हा माणूस अशीच दारं वाचवत फिरत होता.

आमचं दार तिथे नव्हतं. असणारच नव्हतं, मला माहीत होतं. बहुधा बाबांनाही.

परतताना गाडीत मी बडबडत सुटले. गप्प बसवेना. वाचलेलं सगळं सांगितलं. १५१० मध्ये पोर्तुगीज आले आणि त्यांनी जुन्या गोव्याला मांडवीकाठी मोठी गोदी चालवली. युरोपच्या ओकची जहाजं तीन-चार फेऱ्यांत खिळखिळी व्हायची, आणि इथे सागवानाचं बांधलेलं 'सिंको शागस' १५६० च्या सुमारास पाण्यात उतरलं ते पंचवीस वर्षं लिस्बनच्या वाऱ्या करत राहिलं.

"होणारच," बाबा म्हणाले. किती वेळाने बोलले. "सागवानात तेल असतं. खिळा मार आणि वीस वर्षांनी उपट, तसाच निघेल. ऐनाच्या लाकडात मारून बघ. खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, खिळा गंजून बारीक होतो. लाकडातला तुरटपणा लोखंड खातो."

ओकचंही तेच होतं. त्यातलं आम्ल खिळे खातं. मी ते पुस्तकात वाचलं होतं, बाबांनी ओक जन्मात पाहिलेला नाही.

मग त्यांना दुसऱ्या जहाजाची गोष्ट सांगितली. 'दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया', दमणच्या गोदीत, नगर हवेलीच्या जंगलातल्या सागवानाचं बांधलेलं, २२ ऑक्टोबर १८४३ ला पाण्यात उतरलं. गोव्यात आणून त्याच्यावर डोलकाठ्या-शिडं चढवली आणि १८४५ च्या फेब्रुवारीत इथूनच ते लिस्बनला निघालं. पोर्तुगालच्या भारतवारीचं ते शेवटचं शिडाचं लढाऊ जहाज. १९६३ मध्ये आग लागून जळालं, वर्षानुवर्षं तेजो नदीच्या गाळात पडून होतं, मग नव्वदच्या दशकात पुन्हा उभं केलं. आता लिस्बनसमोरच्या काठावर ते संग्रहालय आहे. माझा मामेभाऊ तिकडे असतो, त्याने फोटो पाठवले होते. गाडी थांबवून मी मोबाईलवर ते बाबांना दाखवले. फोटो मोठा करून ते तळाच्या फळ्या बघत राहिले. "जळलं ते वरचं असणार," म्हणाले, "खालचं पाण्यात होतं ना? बुडालेलं सागवान कुजत नाही."

आणि आताची गोष्टही सांगितली, ती मला या सगळ्यांत जास्त आवडते. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधलं गेलं, खिळ्यांविना. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. केरळचे कारागीर येऊन शिवत होते. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलाने ते दाखल करून घेतलं, नाव 'कौंडिण्य'. बाबांना यात नवल वाटलं नाही. "शिवलेली होडी लाटेत लवते, खिळ्यांची तडकते," म्हणाले. "पूर्वी इथेही होत्या तशा."

मी आणखी एक सांगितलं, आणि सांगताना माझाच आवाज कापला. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ साली आज्ञापत्रात लिहून ठेवलंय की आरमाराला लाकूड लागतं तेव्हा सागवानासारखी झाडं परवानगी घेऊन तोडावीत. पण आंबा-फणसाला हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. मी दरवर्षी हे वर्गात शिकवते. मुलांना सांगते, बघा, तीनशे वर्षांपूर्वी केवढा विचार. आमच्या फणसाचं दार टेम्पोत चढवलं त्या वर्षीही शिकवलं असणार.

बोरीच्या पुलाअलीकडे चहाला थांबलो. गाड्यामागे आंब्याचं जुनं झाड होतं. बाबांनी चहावाल्याकडून सुतळी मागून घेतली.

"ये, तुला मोजायला शिकवतो. हे तुला कधी दाखवलं नाही."

छातीच्या उंचीवर सुतळी बुंध्याभोवती फिरवली, दोन टोकं भेटली तिथे चिमटीत धरली. मग ती लांबी दुमडून निम्मी केली, पुन्हा दुमडून पाव. "हा घेराचा चौथा हिस्सा. याला यानेच गुणायचं, मग लांबीने. जे येतं ते घनफूट. गोल लाकडाचा सगळा बाजार या सुतळीवर चालतो." समज, चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका. पाव घेर एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा. दहा घनफूट. मी शाळेतलं सूत्र लावून पाहिलं, पायने. पावणेतेराच्या जवळपास येत होतं. बाबा, तुमचा हिशेब चुकतो, मी म्हटलं.

"चुकत नाही. चौरस करताना चारी बाजूंच्या सालपाट्या निघतात, त्या यात धरलेल्याच नाहीत. जे उपयोगाला येणार तेवढंच मोजायचं."

त्यांनी सुतळी गुंडाळून चहावाल्याला परत दिली. मग उभ्या उभ्या चहा पिताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "आपलं दार कितीला दिलंस?"

"साडेतीन हजार."

ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिले. आयुष्यभर असाच हिशेब केलाय त्यांनी, कागदाशिवाय. साडेसहा फूट उंची. साडेतीन फूट रुंदी. पावणेदोन इंच जाडी. मग चौकट, पाच बाय चार इंच, दोन उभ्या आणि वरची आडवी. ओठ हलत होते. मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलतील, इतक्या वर्षांचं.

"साडेपाच घनफूट होतं," ते म्हणाले. "उंबरा धरून नाही. उंबरा सिमेंटमध्ये बसला होता म्हणून निघाला नाही, तो घरी आहे."